शेवटच्या ओळीनंतर

कर्णिक मॅडम कोणतीही फाइल उघडली की आधी तिच्या तळाशी जायच्या. कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून उभा असला, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "ही ओळ संपवायची कुणी? मी?" तो खालच्या रिकाम्या ओळीवर दिसला तरच त्यांचं समाधान व्हायचं. ठाण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळे त्यांना हसायचे. मी हसायचे नाही, पण मनातून मलाही तो जुन्या काळचा हट्टच वाटायचा.

त्या टेंभी नाक्याला राहायच्या, चालत यायच्या आणि साठी ओलांडली तरी रोज कोड लिहायच्या. मला नोकरी लागून दोनच महिने झाले होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे त्यांच्या स्वच्छ मराठीपुढे माझं तोंड उघडायचं नाही. शंका आली की मी इंटरनेटवर शोधायचे, त्यांना विचारायचे नाही. "अगं, मी चावत नाही," त्या म्हणायच्या. मी मान हलवून पुन्हा स्क्रीनमध्ये शिरायचे.

आमच्याकडे एक काम पाण्याच्या टँकरचं होतं. सोसायट्यांच्या मागण्या आमच्याकडे यायच्या. रोज सकाळी आमचा प्रोग्रॅम त्यांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा, एका ओळीत एक सोसायटी, आणि कल्याणच्या डेपोतला जुना प्रोग्रॅम ती वाचून टँकर लावायचा. मॅडमच्या कोडमध्ये प्रत्येक नावानंतर ओळ संपल्याची खूण होती, अगदी शेवटच्या नावानंतरसुद्धा. तळाची ती रिकामी ओळ मला गबाळी वाटली. एका सोमवारी मी ती काढली. आता खूण फक्त दोन नावांच्या मध्ये पडत होती. कुणाला विचारलं नाही.

बुधवारी दुपारी ठाण्याजवळच्या दिवा गावातून एका सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला. काल टँकर नाही, आजही नाही. मॅडमनी लगेच डेपोला फोन लावला. तिथले पाटील स्पीकरवर ओरडले, "मॅडम, लिस्टमध्ये नावच नाय, तर टँकर धाडू कुठं?"

मी आमची फाइल उघडली. नाव होतं. शेवटचं. यादी अंतरानुसार लागायची आणि ती इमारत डेपोपासून सगळ्यात लांब होती. डेपोचा प्रोग्रॅम खूण दिसल्याशिवाय ओळ धरतच नव्हता. मी सोमवारचा माझा बदल उघडला.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मॅडम, मी..." एवढंच माझ्या तोंडून आलं.

"कळलं. आधी खूण परत घाल. टँकरचं मी पाटलांशी बोलते. दिव्याला फोन तू करायचास."

"मला नाही जमणार."

"नाही जमलं तरी कर."

मी मनात वाक्यं जुळवली आणि नंबर लावला. "चूक माझी आहे, मी कोडमध्ये बदल केला आणि..."

"ताई, चूक कोणाची ते नंतर बघू," बाईंनी मला मध्येच थांबवलं. "घरात आजारी माणसं आहेत. पाणी कधी येतंय?"

ते मला माहीतच नव्हतं. माफी मागायच्या घाईत मी वेळ विचारलीच नव्हती. मॅडमनी कागदावर 'चार' लिहून माझ्यासमोर धरलं.

चार वाजले. सव्वाचार झाले. मॅडम काम बाजूला ठेवून फोनकडे बघत होत्या. चार वीसला फोन वाजला. मागे बादल्या आपटत होत्या. "आलं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मॅडमनी तेव्हा डबा उघडला. "पुढच्या वेळी विचार," पोळी मोडत त्या म्हणाल्या. "मूर्ख प्रश्न विचारलास तर मी दोन दिवस हसेन तुला. पण लोकांच्या घरी पाणी जाईल."

गेल्या वर्षी मॅडम झोपेतच गेल्या. भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मी कोपरा शोधत होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीने विचारलं, "आई ऑफिसात कशी होती गं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'हुशार होत्या' म्हणून सुटता आलं असतं. मी दिव्याच्या टँकरची गोष्ट सांगितली. चूक कुणाची होती, तेही सांगितलं.