ठिपक्यांची तेजी

मंदीत दोनच गोष्टी साचतात, माल आणि किस्से. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटरचे कीबोर्ड बनायचे. नव्वदच्या दशकात एका वर्षी ऑर्डरी आटल्या, गोडाऊन छतापर्यंत भरलं आणि डब्याच्या सुट्टीत एकच विषय उरला. कंपनी टिकणार का?

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागलेला तो वैतीचा. कोपरीच्या कोळ्याचा मुलगा, आमच्या असेंब्लीत कामाला. वडील थकलेले. वैतीची नोकरी पक्की असेल तर होडी विकायची, नसेल तर ती त्यानं सांभाळायची, असं घरी ठरलेलं. गिऱ्हाईकही तयार होतं. वैती रोज विचारायचा, "काय वाटतंय रे?"

आमचे मॅनेजर वेंकटसाहेब मद्रासचे. त्यांनी भिंतीवर विक्रीचा ग्राफ लावला. रेघ खाली आलेली आणि पुढे ठिपक्याठिपक्यांनी वर चढलेली. ठिपके म्हणजे अंदाज. महिन्यानं रेघ आणखी खाली आली. साहेबांनी ठिपके खोडले आणि तिथून पुन्हा वर चढवले. चढ मात्र तेवढाच ठेवला. माणूस तत्त्वाचा!

मग मुंबईहून एक एक्स्पर्ट आणले. "वर्षभरात घरोघरी कॉम्प्युटर येणार," ते म्हणाले.

अकाउंट्सच्या जोशीबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे आहे?"

"नाही. भाव उतरायची वाट बघतोय."

जोशीबाई डोंबिवलीच्या. त्यांनी शेवटी तिथल्या एका ज्योतिषांना गाठलं. ज्योतिषांनी कंपनी कधी सुरू झाली ते विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुमचे साहेब काय म्हणतात?"

आम्ही हसायचो, पण हसून झालं की गोडाऊनकडे बघायचो. दुसरी शिफ्ट बंद झाली तेव्हा तर हसूही येईना. वैती डबा न उघडताच परत न्यायला लागला.

एक दिवस साहेबांनी सगळ्यांना खाली बोलावलं. एरवी इंग्रजी-हिंदीत बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आम्हाला धीर द्यायला मुद्दाम मराठीची तयारी करून आलेला.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "मी शब्द देतो. दिवाळीनंतर बाजार उठणार."



वैती पुढे झाला. "साहेब, नक्की उठनार?"

"हंड्रेड पर्सेंट. पूर्ण उठणार!"

"मंग होडी नाय विकत," वैती म्हणाला.

साहेबांना होडीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी खूश होऊन त्याची पाठ थोपटली.