मंगळवारचं जेवण

दादा गेल्याचं वहिनीनं पेणहून फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "काल काय खाल्लं होतं त्यानं?" आजही त्याची लाज वाटते. वहिनी म्हणाली, "काल मंगळवार होता, वन्सं. तुमच्याकडंच जेवले ना?" एकीचा नवरा गेलेला, एकीचा भाऊ... आणि आम्ही एकमेकींची झडती घेत होतो.

आमचे वडील वडखळकडच्या मिठागरात राबले. दादा तिथंच वाढला, पुढे रोह्याच्या कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झाला आणि पेणला रामवाडीत राहू लागला. स्वभाव मुळातच संशयी. दुकानदाराचा काटा असो की डॉक्टरांची गोळी, तो दोनदा तपासणार. हृदयविकाराचा झटका येऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ठेवून समजावलं, की किडनीही थकली आहे; मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि हृदय नि किडनी दोघांनाही ते सोसत नाही. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. दादा बाहेर येऊन मला म्हणाला, "पाकिटातलं मीठ वाईट असंल. आपल्या आगरातल्या खडेमिठानं कोण मेलाय?" खरं सांगते, मलाही ते पटलं. ज्या मिठावर आम्ही लहानाचे मोठे झालो ते आमच्या जिवावर उठेल, हे मनाला शिवतच नव्हतं.

दर मंगळवारी जुन्या सोबत्यांना भेटायला तो रोह्याला यायचा आणि दुपारी माझ्याकडे जेवायचा. पाटावर बसला की सुरू, "तुझी वहिनी मीठ कुलपात ठेवते गो. सहा दिस अळणी गिळतो. आज तरी चवीचं वाढ." माझा जीव तुटायचा. आठवड्यातून एकच दिवस, असं म्हणत मी सुकटीची चटणी वाढायची, आमटीत वर आगरातलं खडेमीठ. तरी त्याचे पाय सुजतच राहिले, रक्ताचे रिपोर्ट बिघडत गेले. ही घरी त्याच्या हट्टापुढे पाघळत असणार, असा मला वहिनीचाच संशय. एकदा तर तिला मी तसं सुनावलंही.

दादा गेल्यावर महिन्याभरानं वहिनी माझ्याकडे आली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "एक विचारू? तुम्ही त्यांना खरंच अळणी वाढायचात?"

"कोण म्हणालं?"

"हेच. सुमी लई कडक हाय, मंगळवारी तोंडाला मीठ लागत नाय, म्हणायचे. मग मला दया यायची. बुधवारी पापड भाजायचे मी. गुरुवारी लोणचं."

मी तिला माझं सांगितलं. आधी आम्हाला हसू फुटलं. दोघींना त्यानं बरोब्बर फिरवलं होतं. मग दोघीही रडलो. हृदय आधीच दुबळं होतं, कुणा एकाच्या ताटानं असं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनीचं त्यावर समाधान झालं असेल. माझं नाही झालं.

आता मंगळवारी दुपारी मी एकटीच असते आणि त्या दिवशी कशातच मीठ घालत नाही. पहिला घास तोंडात नुसता फिरतो. उठून चिमूटभर घ्यावंसं वाटतं... दादा अळणी गिळतो म्हणायचा, त्यातलं गिळणं तेवढं खोटं नव्हतं. तरी मी ताटातलं सगळं संपवते. हेच त्याला वाढायला हवं होतं. रागावला असता, ताट सरकवून उठला असता. पण पुढच्या मंगळवारी भांडायला तरी आला असता.