औषध जरा कमी

तुमच्या आजोबांच्या पोटाच्या कातडीखाली एक छोटा पंप बसवला आहे. तो त्यांच्या पाठीच्या कण्यात थेंबाथेंबाने वेदना कमी करणारं औषध सोडतो. काल डॉक्टरांनी रिमोटसारखं यंत्र त्यांच्या सदऱ्यावर धरलं, तेव्हा हे म्हणाले, "औषध जरा कमी करा. नातवंडांचा फोन आला की मी घोरायला लागतो."

"आजोबा, दुखेल हं."

"दुखू द्या. चिडवतात हो कार्टी!"

यंत्र बारीकसं वाजलं. दुखणं असं बाहेरून कमी-जास्त करता येतं, याचं मला नवल वाटलं. पण कशासाठी किती सोसायचं, हे कुठलं यंत्र ठरवणार?

आज व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी बोलताना ते खूप हसले. तुम्हाला त्यांचा चेहराच दिसत होता. पांघरुणाखाली त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी मनगटात रुतली.