पेलाभर पाणी

कुवेंपुनगरातले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी गावातले सार्वजनिक नळ मोबाइलच्या नकाशावर टाकत असतात. एका जागी बसणं त्यांना जमतच नाही; चहासुद्धा अर्धा ठेवून उठतात. खिशात स्टीलचा पेला असतो, तो चालताना किल्ल्यांवर वाजतो.

"नोडी सर, बघा, नळ दिसला की लगेच पिण्याचं पाणी लिहायचं नाही. गुडघ्याएवढा असला तर तो पाय धुवायचा. लोक तिथं काय करतात ते उभं राहून बघायचं."

त्यांचं बघून मीही नंजनगूडच्या देवळाजवळच्या एका नळावर 'पिण्याचं पाणी' अशी खूण केली. घरी बसून, एका फोटोवरून. फोटोत एक बाई बाटली भरत होती.

काल ते दारातूनच म्हणाले, "तो नळ तुम्ही टाकलात, अल्वा, हो ना? बसनं जाऊन आलो. सगळे पायच धूत होते. शेवटी मी पेलाभर प्यालो."

"अहो, प्यालात कशाला?"

"न पिता तुमचं चूक कसं म्हणू?"

आज दुपार झाली, तरी जिन्यात पेला वाजलेला नाही. खूण मी सकाळीच पुसली. आता तिसऱ्यांदा त्यांच्या दाराशी येऊन उभा आहे, आणि बेल दाबायला हात होत नाही.