बोटांना पटेल अशी फियाट

भाईंदरला केबिन रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात अंबिका सुर्वे कामाला होती. पुढे काउंटरवर शेठ गिऱ्हाइकांशी हिंदी-गुजरातीत बोलत बसायचे आणि मागच्या टेबलावर अंबिका सैल दांड्या घट्ट करायची, तुटलेल्या फ्रेमला नवा स्क्रू बसवायची. डोळ्याला जेमतेम दिसणारा स्क्रू चिमट्यात धरायचा आणि श्वास रोखून भोकात सोडायचा, ही तिच्या हाताची सवय. एकदा शेठच्या भाच्याची धातूची छोटी जीप पडून चाक निखळलं, तेव्हा तिने चष्म्याचाच स्क्रू वापरून ते बसवून दिलं. चाक फिरलं, आणि अंबिकाला नाद लागला.

मग ती भंगारवाल्यांकडून मोडक्या मॉडेल गाड्या गोळा करू लागली. पोपडे आलेला रंग खरवडून काढायचा, वाकलेला दांडा सरळ करायचा, पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंग द्यायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात बाल्कनीलगत एक टेबल होतं, रविवारी ती तिथून हलायची नाही. नवरा पराग हसून म्हणायचा, "आपल्या घरात माणसं तीन आणि गाड्या चाळीस."

तिसरं माणूस म्हणजे परागचे वडील, पंढरीनाथ. मूळचे संगमेश्वरकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि पुढची सगळी वर्षं फियाट टॅक्सी चालवली. काचबिंदूने आधी कडेची नजर गेली. एके दिवशी डाव्या बाजूची हातगाडी त्यांना दिसलीच नाही. कुणाला लागलं नाही, फक्त पत्रा घासला. पण त्यांनी गाडी कडेला लावली, किल्ली काढली आणि पुन्हा कधी ती फिरवली नाही. टॅक्सी विकली. पराग त्यांना भाईंदरला घेऊन आला, तोवर उरलीसुरली नजरही गेली होती.

भाईंदरला आल्यापासून ते दाराजवळच्या खुर्चीत बसून असत. रेडिओ, चहा, डोळ्यांत घालायचे थेंब. पराग खाली फिरायला नेतो म्हणाला की म्हणत, "कशाला? काय बघायचंय?" डॉक्टरकडे जाणं सोडलं तर ते उंबऱ्याबाहेर पडत नसत.

दोन हजार सहा सालच्या एका रविवारी ते पाण्याचा तांब्या चाचपत टेबलाशी आले आणि त्यांचा हात एका गाडीवर पडला. नुकतीच रंगवलेली होती. अंबिका घाबरून उठली, पण तिने त्यांना अडवलं नाही. पंढरीनाथांनी गाडी उचलून अंगठा तिच्यावरून फिरवला.

"कुठली म्हणायची ही?"

"ॲम्बेसेडर, बाबा."

"एवढ्याशा गाडीवर काय कळतंय. सगळं अंगठ्याखाली जातं." त्यांनी गाडी खाली ठेवली. "फियाट नाही का गं तुझ्याकडे?"

चहा आणि औषध सोडून त्यांनी काही मागितल्याचं अंबिकाला आठवत नव्हतं. त्या आठवड्यात तिने बाजार पालथा घातला. मिळाल्या त्या चावीच्या प्लॅस्टिकच्या टॅक्स्या, पिवळा टप रंगवला म्हणून टॅक्सी म्हणायचं इतकंच. जरा बऱ्या होत्या त्याही मुठीत मावणाऱ्या. अंगठ्याखाली जाणारी गाडी काय कामाची? शेवटी तिने परागला सांगितलं, "मीच बनवते. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याने. दोन्ही हातांत धरता येईल एवढी."

"तू जुन्या गाड्या दुरुस्त करतेस, अंबिका. अख्खी गाडी शून्यापासून बनवायची म्हणजे वेगळं काम आहे."

"शिकेन ना."

मापं घ्यायला खरी फियाट हवी होती. दुकानात जवळच्या मुर्धा गावचे राघो पाटील चष्म्याची दांडी बदलायला आले, तेव्हा बोलता बोलता कळलं की त्यांच्याकडे एक जुनी फियाट टॅक्सी ताडपत्रीखाली पडून आहे.

"पन बंद हाय ती," राघो म्हणाले. "चालाची न्हाय."

"मला चालवायची नाही, काका. मोजायची आहे."

राघोंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग म्हणाले, "या रविवारी. मोजाला पैसं न्हाय लागत."

मुर्ध्याला मिठागराच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ती गाडी उभी होती. अंबिकाने शिंप्याच्या टेपने लांबी, रुंदी, दारं, काचा, दिव्यांमधलं अंतर सगळं मोजलं. घरी येऊन पाट्यांसाठी वापरतात त्या हलक्या सनबोर्डचा सांगाडा कापला, त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवला, सांध्यांवर गॅरेजवाले वापरतात ती पुट्टी भरली. पुट्टी वाळली की घासायची, खड्डा दिसला की पुन्हा भरायची. दुकानातून आल्यावर कुकर लावायचा आणि टेबलाशी बसायचं, असं पावसाळाभर चाललं. एकदा टप बसवताना पूर्ण सांगाडा पिळवटला. तिने तो मोडून नवा कापला. परागने विचारलं, "थांबायचं नाही का आता?" ती म्हणाली, "सांगाडा पिळवटलाय, मी नाही."

गणपतीच्या आधी गाडी उभी राहिली. अंबिकाने ती सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. पंढरीनाथांनी बॉनेटवरून, टपावरून, डिकीवरून सावकाश हात फिरवला. दार उघडून पुन्हा लावलं.

"चांगली झालीय," ते म्हणाले. "मेहनत घेतलीस."

आणि त्यांनी ती तिच्या हातात परत दिली.

अंबिका स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. दुकानात तिने हे रोज पाहिलं होतं. नवा चष्मा घातलेलं गिऱ्हाईक "बरा आहे" म्हणतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की त्याला काही नीट दिसत नाहीये, शेठला वाईट वाटू नये म्हणून बोलतंय. ती परत बाहेर आली.

"बाबा, खरं सांगा. फियाट वाटते का?"

पंढरीनाथांनी मान तिच्याकडे वळवली. "पोरी, तू एवढं केलंस..."

"मला कौतुक नकोय. चूक सांगा."

"बॉनेट सपाट आहे," ते हळूच म्हणाले. "फियाटचं बॉनेट मधे उचललेलं आणि बाजूला उतरत जातं. आणि मडगार्ड... कसं सांगू? माझ्या हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही."

"मग हातानेच सांगा. रविवारी मुर्ध्याला जाऊ."

"मी कुठे येऊ?"

"तुम्ही आल्याशिवाय ही गाडी होणार नाही, बाबा. मी टेपने मोजली. टेपला बाक कळत नाही."

ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. अंबिकाने वाद घातला नाही, पण रोज संध्याकाळी ती अर्धवट गाडी त्यांच्या मांडीवर ठेवून पुट्टीचा डबा घेऊन शेजारी बसायची आणि विचारायची, "इथे अजून भरू का?" ते म्हणायचे, "मला काय माहीत." शनिवारी त्यांनी स्वतःच विचारलं, "त्या माणसाकडे गाडी कुठल्या सालची आहे?"

"ते तुम्हीच विचारा त्यांना."

रविवारी सकाळी ते शर्ट इन करून खुर्चीत तयार बसले होते.

राघोंनी ताडपत्री आधीच काढून ठेवली होती. पराग वडिलांचा हात धरून त्यांना गाडीजवळ घेऊन गेला आणि त्यांचा तळवा बॉनेटवर टेकवला. पंढरीनाथांनी परागचा हात सोडला. मग ते एकटेच गाडीभोवती फिरले. दिव्याची गोल कड, जाळी, मडगार्डचा उतार, दाराची मूठ. कुठेही ठेचाळले नाहीत, कारण पुढे काय आहे ते त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होतं. ड्रायव्हरच्या दाराशी ते थांबले.

"बसू का?"

"बसा की," राघो म्हणाले. "तुमचीच हाय समजा."

ते आत बसले. डावा हात आपसूक स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर गेला, पायाने क्लच दाबला. गिअर पडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. अंबिकाने नजर वळवली आणि पराग मिठागराकडे बघत उभा राहिला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अंबिका, ये इकडे. दाखवतो कुठे चुकतंय."

टेपला बाक कळत नाही यावर अंबिकाने तोड काढून आणली होती. चष्म्याच्या दुकानात डाग द्यायला वापरतात ती सोल्डरची मऊ तार. पंढरीनाथ जिथे हात ठेवत, तिथे ती तार पत्र्यावर दाबायची, तारेला तोच बाक यायचा, मग ती तार पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने रेघ काढायची. बॉनेटच्या कितीतरी रेघा काढल्या. उन्हं वर आली तसं राघोंनी घरातून ताक आणलं. पंढरीनाथ आणि ते गाडीच्या सावलीत बसून बंद पडलेल्या इंजिनाबद्दल बोलत राहिले.

"कार्बोरेटर उघडला होता का कधी?"

"न्हाय. पोरगा बोलला भंगारात द्या."

"देऊ नका," पंढरीनाथ म्हणाले.

घरी आल्यावर अंबिकाने बॉनेट उपटून काढलं. मडगार्डंही काढली. यावेळी पुट्टी तिने भरली आणि घासायला पॉलिश पेपर सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तर्जनीला गुंडाळला आणि आधी बोटाने, मग कागदाने असं हळूहळू उतरवत नेलं. तिला उजेडात तिरपं धरूनही न दिसणारा उंचवटा त्यांना नुसत्या स्पर्शाने सापडायचा. तिने दिव्यांच्या कडा चष्म्याच्या जुन्या धातूच्या फ्रेमा कापून बसवल्या. ते म्हणाले, मीटर डावीकडे बाहेर हवा, तिने मीटर केला. रंग देताना तिने विचारलं, "काळा-पिवळाच ना?" आणि विचारल्यावर जीभ चावली. त्यांना दिसणार नव्हतंच.

"काळा-पिवळाच," ते म्हणाले. "दुसरे लोक बघतील की."

दिवाळीच्या सुट्टीत गाडी पूर्ण झाली. या वेळी पंढरीनाथांनी ती परत दिली नाही. मांडीवर घेऊन बसले आणि बोलू लागले. एका पावसात अडकलेल्या बाळंतिणीला सायनच्या इस्पितळात नेलं, ती गोष्ट. एका म्हाताऱ्या पारशी बाईची, जी दर शुक्रवारी ठरलेल्या जागी उभी असायची. परागने यातली एकही कधी ऐकली नव्हती. रात्रीचं जेवण उशिरा झालं.

त्यानंतर अंबिकाच्या टेबलाशी दुसरी खुर्ची आली. तिने रंग खरवडून दिलेल्या गाड्या पंढरीनाथ घासून गुळगुळीत करत. महिन्यातून एखाद्या रविवारी पराग त्यांना रिक्षाने मुर्ध्याला सोडायचा, कारण राघोंनी कार्बोरेटर खरंच उघडला होता आणि दोघे मिळून त्याच्याशी झटत होते. इंजिन पुढच्या उन्हाळ्यात एकदा सुरू झालं आणि धूर ओकून पुन्हा बंद पडलं. दोघांनी ते परत उघडलं.

असंच एका संध्याकाळी घासता घासता पंढरीनाथ म्हणाले, "मी गाडी शिकलो ती जुन्या विलायती हिलमनवर. आता हिलमन करू."

"बाबा, हिलमन कुठे मिळणार मोजायला? मी तर पाहिलीही नाही कधी."

"मी पाहिलीय ना," ते म्हणाले. "पुट्टी दे इकडे. थोडी मऊच दे. बॉनेट मी करून दाखवतो."

अंबिकाने टेबलावरच्या बाकीच्या गाड्या बाजूला सरकवून त्यांच्यासमोर जागा केली आणि डबा उघडला.