तयार कान

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, यंत्रमागांच्या शेडमध्ये फिटर होते. मेव्हणीला टर उडवायचा हक्क असतोच आणि मी तो पुरेपूर वसूल केला. भावजी बोलायचे म्हणजे ओरडायचेच. "तुम्ही मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन येते," असं मी म्हणायचे. तेही हसायचे.

शेडमध्ये मागांवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा खडखडाट असा, की पायाखालची फरशी थरथरते. तिथे कुणी बोलणं ऐकत नाही, समोरच्याचे ओठ वाचतात. नव्या माणसाचे कान सुरुवातीला घरी गेल्यावरही वाजत राहतात, डोकं भणभणतं. मग हळूहळू त्रास थांबतो आणि जुनी माणसं त्याची पाठ थोपटतात, "झाले बघ याचे कान तयार!" भावजींना आपल्या तयार कानांचा केवढा अभिमान! हाताला घट्टे पडावेत तसे कानही मजबूत होतात, असं सगळी शेड धरून चालली होती. मजबूत कसले, ते मरायला लागले होते.

मालकाने कानात घालायला फोमचे बोळे वाटले होते. भावजींनी ते घरी आणून ताईला दिले, तिने त्यांत सुया टोचून ठेवल्या. "बोळे घातले तर कुठला माग बिघडलाय ते कळणार कसं? आवाजावर तर आमचं पोट," ते म्हणायचे. "अहो, मग निदान डबा तरी बाहेर बसून खा. कानांना जरा विसावा मिळेल," ताई म्हणायची. पण ते शेडमध्येच जेवायचे. मला अजून त्यांचा राग येतो.

भावजींच्या कानांतून आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग नातीची बडबड. ताईचा आवाज मुळातच बारीक. पण तिचा चेहरा समोर असला की भावजींचं अडायचं नाही. जे कळलं नाही त्याला "हो, हो" म्हणून मान डोलवायची, की झालं. पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटायची.

शेवटी ताईने त्यांना धरूनच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आधीपासून बोळे घातले असते, तर इतकं झालं नसतं." त्यांनी मशीन दिलं. ते लावलं की भांडी डोक्यात आपटायची आणि शब्दांचा मात्र नुसता गिचका. चार दिवसांत मशीन कपाटात गेलं.

पुढे ताईच्या फुफ्फुसांनी दगा दिला. दवाखान्यात तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. त्या दुपारी मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर ताईने भावजींचा हात घट्ट धरलेला आणि भावजी मान डोलवतायत, "हो, हो." ताईने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं. संध्याकाळी ती गेली.

आलेगेले पांगल्यावर भावजी स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले.

"त्या दुपारी ती मला काहीतरी सांगत होती. बराच वेळ. मास्कमुळे ओठ दिसेनात. इतका दम लागलेला, परत बोल असं कसं म्हणू तिला? मी आपला हो म्हणालो. कशाला हो म्हणालो गं मी? तू होतीस ना तिथे? काय म्हणाली ती?"

"मी खाली गेले होते, भावजी. मला नाही माहीत."

रडता रडता माझा हात तोंडावर गेला होता. त्यांना काहीच कळलं नाही. ते आशेने पुढे झुकले. मी हात काढला आणि तेच पुन्हा ओरडून सांगितलं.