वैशालीची डिरेक्टरी

मी असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्यानं हे लिहावं का, याचा खूप विचार केला... पण सांगतो.

आमचं कॉलेज सोलापुरात, सात रस्त्यापासून चालत जाण्यासारखं. वैशाली माझी प्रॅक्टिकलची पार्टनर, वळसंग गावची. दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि इथल्याच एका दवाखान्यात ती वारली.

टर्म संपली की ज्यानं त्यानं स्वतःच्या प्रोग्रॅमनं आपली डिरेक्टरी, म्हणजे मशीनवरचं आपलं फोल्डर, काढून टाकायची, ही आमच्या लॅबची पद्धत. वैशालीची काढायचं माझ्याकडे आलं. त्यासाठी rmdir हा कॉल, म्हणजे सिस्टिमला दिलेला हुकूम, वापरतात. तो फक्त रिकामी डिरेक्टरी काढतो. आत एक फाइल जरी असली तरी नकार देतो.

त्या दुपारी तिचे वडील तिचं सगळं न्यायला आले होते. मी फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या, तिथून पुसल्या आणि प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं — डिरेक्टरी रिकामी नाही. लपवलेल्या फाइल्सही शोधल्या. काहीच नव्हतं. मशीन बंद करून चालू केलं... परत तेच.

"पहिल्या सेमपासून तुझे प्रोग्रॅम असेच रे," लॅबचे सर म्हणाले. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं. त्यांनाही तेच उत्तर आलं.

"बाळा, काय राह्यलंय का तिचं?" वडिलांनी विचारलं.

"काका, दिसत तर काहीच नाही... पण आहे म्हणतंय."

ते माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "हितंच बसायची व्हय?"

"हो."

"लई सांगायची की ह्या लॅबचं." त्यांच्या घरात रीत होती — माणूस परगावी वारलं, तर त्या जागी जाऊन हाक मारायची आणि त्याला घरी न्यायचं. "मी दवाखान्यात हाक मारून आलो. चुकलंच माजं. ती तितं कशाला थांबंल?"

त्यांनी टोपी काढली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "वैशे, चल बाय. आई वाट बघतीया."

मी एंटर दाबलं. या वेळी नकार आला नाही. डिरेक्टरी गेली होती.

सर नेटवर्कचा दोष म्हणतात. असेलही... मला अजून कारण सापडलेलं नाही.

जाताना काका दार उघडं धरून क्षणभर बाजूला उभे राहिले, मग स्वतः बाहेर पडले. मला तिला थांब म्हणायचं होतं. पण तिच्या वडिलांसमोर ते कसं म्हणणार?